ड्रिलला वायर नाही, पण भिंतीत आहे



मागच्या व्हिडिओत आपण कॉर्डलेस हॅमर ड्रिल बघितलं. कोणतं घ्यायचं, बॅटरी किती अँपिअर-अवरची पाहिजे, एकट्या माणसाने फिटिंगचा धंदा कसा सुरू करायचा, हे सगळं बोललो. त्यानंतर मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच: "सर, मशीनचे पैसे किती दिवसात वसूल होतील?" प्रश्न चांगला आहे. धंदा करणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. पण "हे मशीन हातात धरल्यावर माझं काय होऊ शकतं?" हे फार थोड्यांनी विचारलं. आजचा लेख त्यासाठी.

सुरक्षिततेवर बोललं की लोक झोपतात, मला माहीत आहे. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो, मग पटवून देतो. ज्याच्या दरात सुरक्षिततेचे पैसे धरलेले नाहीत, त्याचा धंदा फायद्यात नाहीच. तो गिऱ्हाईकाला स्वतःच्या डोळ्यातून, कानातून आणि मनगटातून सवलत देतोय. वहीत ती सवलत कुठेच लिहिलेली नसते, म्हणून त्याला वाटतं की आपल्याला नफा होतोय.

आपल्या जिल्ह्यात हे वेगळं का सांगावं लागतं

बीड जिल्ह्यातल्या माणसाला 'कोयता' म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. माणसाची मोजणीच हत्याराच्या नावाने होते. उचल घेतली की अंग आजारी असो, पोरगं तापलेलं असो, फडावर जावंच लागतं. खाडा पडला की पैसे कापले जातात.

२०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्यामागची कारणं अनेक होती. पण त्या बायकांच्या बोलण्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा बाहेर येत होती: दुखणं घेऊन बसायला सुट्टी परवडत नाही, खाडा पडतो.

हे सगळं ड्रिलच्या लेखात कशाला, असं वाटेल. सांगतो. आज केजला, धारूरला, शिरूर कासारला, पाटोद्याला जी पोरं सीसीटीव्ही, वॉटर फिल्टर, गिझर, पडद्याचे रॉड आणि सोलरच्या फिटिंगची कामं धरतायत, त्यातल्या कितीतरी जणांचे आई-बाप कारखान्याला गेलेले आहेत. ही पोरं म्हणतात, "आम्हाला कोयता हातात घ्यायचा नाही." शंभर टक्के बरोबर. पण अंग झिजवून काम उरकायची जी सवय घरात बघितली, ती ड्रिलबरोबर नव्या धंद्यात येते. "काही होत नाही", "पटकन मारून घेऊ", "गॉगल कशाला, दोनच तर होल आहेत". मुकादम गेला, पण मुकादमाचा हिशोब आपल्याच डोक्यात बसून राहिला. स्वतःच्या धंद्यात तुम्ही मालक आहात. मग स्वतःला हत्यार म्हणून मोजू नका.

कॉर्डलेसमुळे वाटणारा खोटा दिलासा

"सर, बॅटरीचं मशीन आहे, शॉक लागायचा प्रश्नच नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की लेखाचं नाव त्यावरूनच ठेवलं. ड्रिलला वायर नाही हे खरं. पण तुम्ही ज्या भिंतीत होल मारताय, तिच्यात आहे. बिट पोलादाचं, चकचा आतला भाग धातूचा. बिट चालू वायरला लागलं तर २३० व्होल्ट चकपर्यंत येऊन थांबतात आणि पुढच्या वाटेची वाट बघतात. ती वाट म्हणजे चकजवळ धरलेला तुमचा हात, आणि पायाखालची ओली फरशी.

एक प्रसंग माझाच सांगतो. एका घरी टीव्हीचा स्टँड लावायचा होता. मी शहाण्यासारखा मेन स्विच पाडला, पंखा थांबला, कामाला लागलो. दुसऱ्या होलला फाट करून ठिणगी उडाली, बिटाचं टोक काळं पडलं. मेन बंद होता, पण इन्व्हर्टर चालू होता. त्या खोलीतला पंखा मेनवर होता आणि टीव्हीचा बोर्ड इन्व्हर्टरवर. माझा हात मागच्या रबरी मुठीवर होता म्हणून मी आज लिहितोय. चूक कुणाची? माझी. घरमालकाला मी एक प्रश्न विचारला नव्हता: "इन्व्हर्टर आहे का?"

आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, म्हणून कितीतरी घरांत इन्व्हर्टर असतो. आता त्यात सोलरची भर पडली. पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे छतावर पॅनेल दिसायला लागले. लक्षात ठेवा, पॅनेलकडून येणारी डीसी केबल मेन स्विच पाडून मरत नाही. ऊन आहे तोपर्यंत ती जिवंत असते. सहा मोठे पॅनेल एकापुढे एक जोडले तर तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी दाब तयार होतो. त्या केबलच्या वाटेवर अंदाजाने होल मारायचं नाही. ज्याने सोलर बसवलं त्याला फोन लावा, वाट विचारा, मगच हात घाला.

म्हणून होल मारायच्या आधी माझा क्रम असा आहे:

१. भिंतीकडे बघा. बोर्ड, प्लग, बल्ब कुठे आहेत? वायर बहुतेक वेळा बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडवी जाते. त्या रेषेत होल नको. पण आपल्याकडे झिरी तिरकी मारणारेही आहेत, त्यामुळे यावर पूर्ण विश्वास ठेवू नका.

२. घरमालकाला तीन गोष्टी विचारा: इन्व्हर्टर आहे का, सोलर आहे का, या भिंतीत पाण्याचा पाईप आहे का. बाथरूम आणि स्वयंपाकघराची मागची भिंत असेल तर पाईपचा प्रश्न दोनदा विचारा.

३. मेन पाडा, इन्व्हर्टरही बंद करा. मग टेस्टरने जवळचा बोर्ड तपासा. आणि टेस्टर स्वतः चालतो का, हे लाईट घालवायच्या आधीच चालू प्लगवर बघून घ्या. बिघडलेला टेस्टर नेहमी "सगळं ठीक आहे" असंच सांगतो.

४. गिट्टीच्या लांबीएवढ्या खोलीवर बिटाला चिकटपट्टी गुंडाळा. ३५ मिलिमीटरची गिट्टी असेल तर ६० मिलिमीटर आत जायचं काय काम?

५. मशीन रबरी मुठीवरच धरा. चकजवळ हात नको.

आता गंमत बघा. वायरवाल्या ड्रिलवाल्याला घरची लाईट चालू ठेवावीच लागते, नाहीतर त्याचं मशीन चालणार कशावर? तुम्ही मात्र संपूर्ण घर बंद करून काम करू शकता. माझ्या मते कॉर्डलेसचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. आणि नेमका तोच फायदा लोक वापरत नाहीत. बारा हजारांचं मशीन घेतात, आणि लाईट बंद करायला दोन मिनिटं नाहीत!

मनगट आणि मशीन यांची कुस्ती

चांगल्या १८ व्होल्टच्या हॅमर ड्रिलचा टॉर्क ५०-६० न्यूटन मीटर असतो. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो आणि आपण तो फुशारकीने सांगतो. त्याचा अर्थ समजून घ्या. बिट सळईत अडकलं की ते थांबतं, पण मोटर थांबत नाही. मग बिटाऐवजी मशीन फिरतं. चकच्या मध्यापासून तुमचा हात १५ सेंटिमीटरवर असेल तर ६० न्यूटन मीटरचा झटका त्या हाताला साधारण ४० किलो वजनासारखा बसतो, तोही एका क्षणात. मनगट मुरगळतं, अंगठा फिरतो. घोड्यावर उभे असाल तर तोल जाऊन खाली.

म्हणून खोक्यात जी बाजूची मूठ मिळते ना, जी बहुतेक जण घरी ठेवून येतात, ती लावा. ती लावली की धरायची जागा मध्यापासून लांब जाते आणि दोन्ही हात कामाला लागतात. तोच झटका मग आवरता येतो. मूठ फुकट मिळालेली आहे, तिचे पैसे आधीच दिलेत तुम्ही.

दुसरी गोष्ट, भिंत ओळखा. आपल्या जिल्ह्यात एकाच गल्लीत चार प्रकारच्या भिंती सापडतात. जुन्या माळवदाच्या घराची दगड-मातीची भिंत, लाल विटांची भिंत, राखेच्या विटांची किंवा सिपोरेक्सची भिंत, आणि आरसीसीचा कॉलम. प्रत्येकीला वेगळं वागवावं लागतं.

दगड-मातीच्या भिंतीत बिट मातीतून सरकतं आणि अचानक दगडाला अडतं. तिथे वेग कमी ठेवा, दाब कमी ठेवा. वीट आणि गिलावा असेल तर हॅमर हलका चालतो. सिपोरेक्सला हॅमर लावूच नका, साधं ड्रिलिंग पुरतं, नाहीतर होल मोठं होतं आणि गिट्टी ढिली बसते. टाईल असेल तर वरची चकाकी फुटेपर्यंत हॅमर बंद, सावकाश.

कॉलम आणि बीम मात्र शक्यतो टाळा. कॉलममध्ये साधारण ४० मिलिमीटरवर आणि स्लॅबमध्ये २० मिलिमीटरवर सळई भेटू शकते. सळई लागल्याचं लगेच कळतं: आवाज बदलतो, होल पुढे जात नाही. त्या वेळी जोर लावायचा नाही. थांबायचं, बिट बाहेर काढायचं, होल दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घ्यायचं. सळई कापून पुढे जाणं म्हणजे स्वतःच्या हाताला आणि गिऱ्हाईकाच्या घराला, दोघांनाही धोका.

आणि हेही समजून घ्या, हॅमर ड्रिल म्हणजे रोटरी हॅमर नाही. हॅमर ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासून छोटे छोटे ठोके देतात, मिनिटाला हजारोंनी. रोटरी हॅमरमध्ये आतला दट्ट्या खरा घाव घालतो. काँक्रीटमध्ये मोठी होल किंवा दिवसाला पन्नास होल असतील तर रोटरी हॅमर भाड्याने आणा. हॅमर ड्रिलच्या मागे छाती लावून ढकलणारी पोरं मी बघितली आहेत. मशीन सटकलं की छाती भिंतीवर आणि बोट बिटावर. चुकीचं मशीन आणि जास्त जोर, बहुतेक अपघातांची सुरुवात इथून होते.

बिट बदलताना बॅटरी काढा. निदान पुढे-मागे फिरवायचं बटण मधल्या लॉकवर तरी ठेवा. बोट ट्रिगरवर ठेवून घोड्यावर चढू नका. ढगळ शर्टाची बाही, गळ्यातला रुमाल, हातातलं कडं, मनगटातला दोरा, हे सगळं फिरणाऱ्या चकला आवडतं. दोरा काढायचा नसेल तर घट्ट बाहीच्या आत झाका. ताई काम करत असतील तर ओढणी आणि वेणी बांधून घ्या. सुती हातमोजेही फिरत्या बिटाजवळ नकोत, ते गुंडाळले जातात.

बॅटरी आणि बीडचा उन्हाळा

आधी एक फसवणूक सांगतो. '२१ व्होल्ट', '४८ व्होल्ट', '८८ व्होल्ट' असे आकडे लिहिलेली स्वस्त मशीनं बाजारात मिळतात. लिथियमच्या एका सेलचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट आणि पूर्ण चार्जला ४.२ व्होल्ट. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना २१. म्हणजे '१८', '२०' आणि '२१' लिहिलेली मशीनं बहुतेक वेळा एकाच पाच सेलची असतात. आणि त्याच आकाराच्या पॅकवर '४८' किंवा '८८' लिहिलेलं असेल तर तो आकडा स्टिकरचा आहे, बॅटरीचा नाही. जो खोक्यावर खोटं लिहितो, त्याने आत सेलला संरक्षण देणारं सर्किट नीट बसवलं असेल, यावर मी तरी पैसे लावणार नाही.

आता ऊन. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत चार्जिंगसाठी जास्तीत जास्त ४० अंशांच्या आसपासची मर्यादा दिलेली असते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या शेडखाली, दुपारी दोन वाजता, नुकत्याच वापरलेल्या गरम बॅटरीला चार्जर लावणं म्हणजे पुस्तिकेची मर्यादा मोडणं. मोटारसायकलच्या डिकीत बॅटरी ठेवून गाडी उन्हात लावणं हेही तसंच.

मग करायचं काय? चार्जिंग रात्री किंवा सकाळी लवकर करा. काम झाल्यावर बॅटरी अर्धा तास सावलीत निवू द्या, मगच चार्जरला लावा. चार्जर फरशीवर ठेवा, गादीवर किंवा पोत्यावर नको. सगळे झोपलेले असताना उशाशी चार्जिंग नको. फुगलेली, पडून तडकलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी वापरायची नाही, आणि गल्लीतल्या दुकानातून उघडून सेल बदलून घ्यायची नाही. सुटी बॅटरी खिळे-स्क्रूच्या डब्यात टाकू नका. दोन टोकांना खिळा आडवा लागला की शॉर्ट झालाच.

डोळा, छाती, कान

डोक्याच्या वर होल मारताना चुरा कुठे पडतो? थेट डोळ्यात. साधा चष्मा चालत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल पाहिजे. दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो. तरीही कण गेलाच तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. निघाला नाही तर काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढायचे प्रयोग नकोत, सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

काँक्रीट, वीट, टाईल, दगड या सगळ्यांच्या धुळीत सिलिका असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९७ मध्येच या बारीक सिलिका धुळीला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. सिलिकोसिसने फुप्फुस एकदा निबर झालं की ते पूर्वीसारखं करणारं औषध नाही. दोन होलांनी काही होत नाही, खरं आहे. पण तुम्ही दोन होल मारणारे नाही आहात, तुमचा हा रोजचा धंदा आहे. पांढरा रुमाल बांधला की धूळ थांबते असं वाटतं, पण छातीत जाणारी धूळ डोळ्याला दिसतसुद्धा नाही. एन-९५ मास्क घ्या. जोडीदार असेल तर त्याने होलाखाली व्हॅक्यूमची नळी धरावी. काहीच नसेल तर होलाखाली पाकीट चिकटवा, जाड चुरा तरी खाली उडणार नाही आणि गिऱ्हाईकाचं घरही स्वच्छ राहील.

कानाचं कुणी बोलतच नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ही कानाची मर्यादा धरली जाते. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बंद खोलीत हॅमर चालू असला की आवाज सहज शंभरच्या आसपास जातो. पंधरा मिनिटं तर तुम्ही एका घरात घालवता. फोमचे इअरप्लग काही रुपयांत येतात.

आता पैशाचं बोलू

इथे नेहमीची हरकत येते: "सर, आमच्याकडे होलाचा दर ठरलेला आहे. जास्त मागितलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याला बोलावतं." हरकत खोटी नाही. म्हणून हिशोबच मांडू.

समजा महिन्याला तुम्ही २०० होल मारता. १५० रुपयांचा गॉगल तीन महिने टिकला तर महिन्याला ५० रुपये. महिन्याला ८ मास्क, ४० रुपयांप्रमाणे ३२० रुपये. इअरप्लगचे ३० रुपये. एकूण ४००. म्हणजे एका होलामागे २ रुपये. तुम्ही होलाला ४० घेत असाल तर ४२ घ्या. दोन रुपयांसाठी गिऱ्हाईक पळून जात असेल, तर ते तुमचं गिऱ्हाईक नव्हतंच.

खरा खर्च वेळेचा आहे, हे मान्य करू. तपासणीला प्रत्येक घरी दहा मिनिटं जातात. दिवसाला तीन घरं केली तर अर्धा तास. हा अर्धा तास होलाच्या दरात लपवू नका, वेगळा 'व्हिजिट चार्ज' म्हणून मागा. त्यातच लाईन तपासणी आणि साफसफाई येते असं सांगा. कामाला जायच्या आधी गिऱ्हाईकाला असा मेसेज टाका:

"नमस्कार. मी उद्या ११ वाजता येतो. काम करताना घरातली लाईट आणि इन्व्हर्टर साधारण अर्धा तास बंद ठेवावा लागेल. भिंतीत वायर किंवा पाईप कुठून गेलाय हे माहीत असेल तर सांगून ठेवा. काम झाल्यावर धूळ साफ करून देईन."

हा मेसेज वाचल्यावर गिऱ्हाईकाला काय वाटतं? हा माणूस भित्रा आहे असं नाही वाटत. हा माणूस पक्का आहे असं वाटतं. ज्याने याआधी एकदा फुटलेल्या पाईपाचं पाणी पुसलंय, तो तर दोन रुपयांचं नावही काढत नाही. पोरगा गॉगल लावून, मूठ बसवून, चिकटपट्टी मोजून कामाला उभा राहिला की कॅमेरा दाखवायच्या आधीच त्याची जाहिरात झालेली असते.

आणि गिऱ्हाईक म्हणालं, "लाईट बंद नको, टीव्हीवर मॅच चालू आहे, मार असंच," तर? तर मॅच संपल्यावर या. उद्या या. तरीही नाही म्हणाले तर काम सोडा. धंद्याच्या पहिल्या वर्षात काम सोडणं किती जड जातं हे मला ठाऊक आहे, हप्ता डोक्यावर असतो. तरीही माझं मत तेच. एका कामाचे तीनशे रुपये बुडाले तर ते पुढच्या आठवड्यात भरून निघतात.

बोट गेलं तर काय? त्याचाही हिशोब बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये हप्ता आहे. १८ ते ७० वयाच्या, बँकेत किंवा पोस्टात खातं असलेल्या कुणालाही घेता येते. अपघाती मृत्यूला २ लाख. दोन्ही डोळे किंवा दोन्ही हात कायमचे गेले तर २ लाख. एक डोळा किंवा एक हात कायमचा गेला तर १ लाख. एका बोटाला त्यात काहीच नाही. ही योजना आजच घ्या, २० रुपयांत यापेक्षा चांगलं काही मिळत नाही. पण आकडा नीट वाचा: एका डोळ्याचे एक लाख. पंचवीस वर्षांच्या पोराने पुढची तीस वर्षं एका डोळ्याने काढायची, त्याचे. समोर दीडशे रुपयांचा गॉगल आहे. ठरवा.

जोडीदार किंवा हाताखालचा पोरगा घेतलात तर हे सगळं त्यालाही लागू. तुमचा गॉगल भारी आणि त्याच्या डोळ्यावर काहीच नाही, असं असेल तर मुकादम परत आला म्हणायचं, यावेळी तुमच्या रूपात.

आज संध्याकाळी एवढं करा

मशीनचं खोकं उघडा. बाजूची मूठ शोधा आणि लावून टाका, परत काढूच नका. पुस्तिकेत चार्जिंगचं तापमान किती लिहिलंय ते वाचा. वरचा मेसेज स्वतःच्या शब्दांत लिहून फोनमध्ये ठेवा. बँकेत जाऊन २० रुपयांचा विमा चालू करा. आणि दरपत्रकात एक ओळ वाढवा: 'लाईन तपासणी व साफसफाईसह'.

कोणाला शॉक बसला तर त्याला हाताने ओढायचं नाही. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद, मग १०८ ला फोन. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पुढच्या व्हिडिओत मी स्वतः दगड-मातीच्या भिंतीत, सिपोरेक्समध्ये आणि टाईलवर होल मारून दाखवणार आहे. लाईट बंद ठेवून.